नाण्यावर घोडा, पण नाव कुणाचं?

विंक्स नावाच्या घोडीची २०१७ च्या ऑगस्टमधली वॉरिक स्टेक्स ही रेस यूट्यूबवर सापडली तर आधी बघा आणि मग हे वाचा. सिडनीचं रँडविक रेसकोर्स. गेट उघडतं, बाकीचे घोडे सुटतात आणि ही बाई मागेच राहते, थोडीथिडकी नाही चांगली बरीच मागे, बघणाऱ्याला वाटतं झालं, आज संपलं, आणि मग शेवटच्या सरळ पट्ट्यात ती जी काय येते ना, एकेकाला मागे टाकत टाकत, शेवटी नाकभर अंतराने जिंकते. रेसमधलं मला एवढंसं कळत नाही तरी मी तो व्हिडिओ परत परत बघितलाय.

सलग ३३ रेस जिंकली ही घोडी. आयुष्यात ४३ पळाली, त्यातल्या ३७ जिंकल्या, त्यातल्या पण २५ ग्रुप वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या. मेलबर्नची कॉक्स प्लेट लागोपाठ चार वर्षं, २०१५ ते २०१८. २०१९ च्या एप्रिलमधे त्याच रँडविकवर शेवटची जिंकून रिटायर झाली. बक्षिसाची रक्कम २ कोटी ६० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर. आणि तिची पोरगी, जिने तेव्हा एक रेस पण पळलेली नव्हती, ती २०२४ मधे लिलावात १ कोटी डॉलरला गेली! असो, श्रीमंतांच्या गोष्टी.

आता मी सोलापुरात बसून ह्यात कुठून आलो तर नाण्यांमुळे. मला जुन्या नाण्यांचा नाद आहे, हे ओळखीच्या सगळ्यांना माहितेय, आणि भाचा तिकडे असतो. त्याने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, विंक्सवर तिकडे चांदीची नाणी निघालेली आहेत त्यातलं एक कुणीतरी विकत होतं, खाली प्रश्न, "मामा, घेऊ का तुला?"

मी लगेच हो म्हणालो नाही. कारण की अशी स्मारक नाणी मला खरं तर फार आवडत नाहीत. ते नाणं कधी कुणाच्या खिशात जात नाही, त्याने कधी कुणी चहा घेतलेला नसतो, टांकसाळीतून निघतं ते थेट प्लॅस्टिकच्या डबीत, डबी खोक्यात, खोक्याबरोबर नंबर घातलेलं सर्टिफिकेट, आणि मग जन्मभर लग्नातल्या शालूसारखं कपाटात. हात लावायचा नाही, बोटाचा ठसा उमटला की प्रूफ, म्हणजे आरशासारख्या चकचकीत, नाण्याची किंमत उतरली. नाणं आहे का देव्हारा? मला झिजलेलं नाणं आवडतं. पण हा फोटो मात्र मी बराच वेळ बघत बसलो, आणि कारण एकच, नाण्यावर तिचं नाव होतं. मालकाचं नाही, जॉकी ह्यू बोमनचं नाही, ट्रेनर ख्रिस वॉलरचं नाही. घोडीचं.

तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं. पण घोडा नाण्यावर अडीच हजार वर्षं आहे हो, आणि एवढ्या वर्षांत त्याचं स्वतःचं नाव जवळजवळ कुणी घातलेलं नाही.

अलेक्झांडरचा बाप, मॅसिडोनियाचा फिलिप दुसरा, त्याच्यापासून बघा. इसवीसनपूर्व ३५६ मधे ऑलिंपिकला त्याचा घोडा जिंकला. प्लुटार्क नावाच्या जुन्या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलंय की फिलिपला तेव्हा एका दमात तीन बातम्या आल्या, सेनापती पार्मेनियनने इलिरियन लोकांना हरवलं, घोडा ऑलिंपिकमधे जिंकला, आणि बायकोला मुलगा झाला. मुलगा म्हणजे पुढचा अलेक्झांडर. ह्या फिलिपने मग चांदीची मोठी नाणी पाडली, एका बाजूला झ्यूसचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोडा आणि त्यावर बारकं पोरगं, जॉकीच ते, उघडंबंब, हातात विजयाची खजुराची फांदी. रेस जिंकलेल्या घोड्याचं स्मारक नाणं म्हणायचं तर मी ह्यालाच आधी मान देईन. साडेचौदा ग्रॅमच्या आसपास वजन, काम इतकं सुंदर की घोड्याच्या मांडीचा स्नायू सुद्धा दिसतो. आणि नाण्यावर अक्षरं काय? "फिलिपचे." बस. घोड्याचं नाव काय होतं, ते पोरगं कोण होतं, नाण्यावर पत्ता नाही. तिथल्या रीतीप्रमाणे बरोबरच होतं म्हणा, कारण ऑलिंपिकच्या घोड्यांच्या शर्यतीत विजेता म्हणून मालकालाच मुकुट मिळायचा, पळणारा आणि पळवणारा दोघं बाजूला.

त्याच ऑलिंपिकची अजून एक गोष्ट पाउसानियस नावाच्या प्रवाशाने लिहिलीय, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कोरिंथचा फेडोलस म्हणून एक होता, त्याच्या घोडीचं नाव ऑरा. शर्यत सुटली आणि सुरुवातीलाच तिच्या पाठीवरचा स्वार पडला. घोडी थांबली नाही. एकटीच पळाली, वळणावर बरोबर वळली, कर्ण्याचा आवाज आल्यावर अजून जोरात पळाली आणि पहिली आली, आणि आल्यावर जिंकलो हे कळल्यासारखी थांबली पण. पंचांनी फेडोलसला विजयी ठरवलं (परत मालक!) पण त्याला त्या घोडीचा पुतळा तिथे उभा करायची परवानगी दिली. म्हणजे बघा, हिचं नाव टिकलं ते स्वार पडला म्हणून टिकलं.

हे वाचताना आमच्या जिल्ह्यातल्या कुणालाही जे आठवेल तेच मला आठवलं, माउलींचा अश्व. आषाढीच्या वारीत पालखी माळशिरस तालुक्यात आली की सदाशिवनगरला पुरंदावड्याचं रिंगण असतं, पुढे खुडूस फाट्याचं, ठाकूरबुवाचं. दोन घोडे पळतात, एकावर जरीपटका घेतलेला स्वार आणि दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण त्यावर माउली बसलेत अशी श्रद्धा. घोडा गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं अशी तुटून पडतात की पोलीस पण हात जोडून बाजूला होतात. तिथे पण पाठ मोकळी आहे म्हणून घोड्याकडे बघितलं जातं असं माझं मत, पण हे मत घरात बोललो तर बायकोने "तुम्हाला प्रत्येक गोष्टीत नाणं दिसतं" असं सुनावलं, आणि तिचं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडचं नाणं बघायचं तर समुद्रगुप्ताचं अश्वमेधाचं सोन्याचं नाणं. चौथं शतक. यज्ञाच्या खांबापुढे घोडा उभा, सजवलेला, मान ताठ, आणि मागच्या बाजूला चवरी घेतलेली राणी आणि अक्षरं "अश्वमेधपराक्रमः". पराक्रम कुणाचा तर राजाचा. घोडा वर्षभर मोकळा फिरला, त्याच्या मागे सैन्य फिरलं, त्याला जो अडवेल त्याच्याशी लढाई झाली, आणि सगळं झाल्यावर घोड्याचं काय झालं ते अश्वमेध ह्या नावातच आहे. म्हणजे नाण्यावर ज्याचं चित्र त्यालाच मारून ते नाणं पाडलेलं. पुढे त्याचा नातू कुमारगुप्त, त्याने पण अश्वमेधाची नाणी काढली. आपल्या महाराष्ट्रात जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिकेचा लेख आहे त्यात पण अश्वमेध आहेत, दक्षिणा म्हणून गायी किती दिल्या, घोडे किती दिले, कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी किती दिली सगळा हिशोब आहे. अश्वमेधाच्या घोड्याचं नाव? विचारू पण नका.

बरं, एवढं लांब कशाला, आपल्या घरातली गिन्नी घ्या. जुन्या घरांमधे आजीच्या पेटीत एखादी तरी गिन्नी असायचीच, तोडून अंगठ्या केलेल्यांनी केल्या. ती गिन्नी म्हणजे इंग्रजांचं सॉव्हरिन, ७.९८ ग्रॅम, २२ कॅरेट. तिच्यावर घोड्यावर बसून ड्रॅगन मारणारा सेंट जॉर्ज, पिस्त्रुची नावाच्या इटालियन माणसाने १८१७ साली केलेलं डिझाइन, आणि ते आजतागायत चालू आहे. त्यातला घोडा इतका जिवंत आहे की खरं तर जॉर्जकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण नाव जॉर्जचं. (जाता जाता, १९१८ साली ही गिन्नी मुंबईत पण पाडली होती, त्या एकाच वर्षी, घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर बारीक इंग्रजी "आय" असतो. पेटी उघडायची वेळ आली तर भिंग घेऊन बघा आणि तसं निघालं तर मोडीत घालायच्या आधी कुणा जाणत्याला दाखवा.)

आयर्लंडने १९२८ मधे स्वतःची नाणी काढली, कवी येट्स त्या कमिटीचा अध्यक्ष, त्यात हाफ क्राउनवर घोडा. सुंदर आहे, बिननावाचा. अमेरिकेच्या २००१ च्या केंटकीच्या क्वार्टरवर कुंपणामागे रेसचा घोडा उभा आहे, ज्या केंटकीची सगळी ओळखच घोड्यांची, तिथे पण तो नुसता "एक घोडा".

म्हणून विंक्सचं नाव त्या नाण्यावर बघून मला थांबायला झालं. आता ऑस्ट्रेलियाचं नाणं म्हटल्यावर एका बाजूला राणी एलिझाबेथ येणारच, २०२२ मधे जाईपर्यंत तीच होती. म्हणजे राजा सुटला नाहीच अजून. पण ही राणी स्वतः घोड्यांची वेडी. तिची एस्टिमेट नावाची घोडी २०१३ मधे इंग्लंडमधल्या ॲस्कॉटचा गोल्ड कप जिंकली, आणि त्याच्या आदल्या वर्षी ब्लॅक कॅव्हियर, ती पण ऑस्ट्रेलियाचीच, २५ पैकी २५ जिंकलेली, ती ॲस्कॉटला जिंकल्यावर राणी स्वतः जाऊन तिच्या तोंडावरून हात फिरवून आली. तर नाण्याच्या मागच्या बाजूला कुणी असावंच लागत असेल तर ही चालेल बुवा.

ऑस्ट्रेलियन लोकांचं घोड्यांचं प्रेम पण एक प्रकरणच आहे. फार लॅप नावाचा घोडा, जन्म न्यूझीलंडचा १९२६ चा, १६० गिनीला (ही गिनी म्हणजे घोड्यांच्या सौद्यातला जुना इंग्रजी हिशोब, पौंडाहून थोडी जास्त) घेतलेला, म्हणजे स्वस्तातला, आणि दिसायला पण आधी काही खास नव्हता म्हणतात. ५१ पैकी ३७ जिंकला, १९३० चा मेलबर्न कप जिंकला, ते सगळे मंदीचे दिवस, लोकांच्या हाताला काम नाही आणि शनिवारी हा घोडा जिंकतोय. १९३२ मधे मेक्सिकोत मोठी रेस जिंकली आणि दोन-तीन आठवड्यांत कॅलिफोर्नियात अचानक मेला. विष घातलं का काय ह्यावर आजपर्यंत वाद, खूप वर्षांनी त्याच्या केसांची तपासणी झाली त्यात आर्सेनिक निघालं, पण त्या काळात घोड्यांच्या टॉनिकमधे पण आर्सेनिक असायचं त्यामुळे वाद काय मिटला नाही. आणि पुढे ऐका, त्याचं कातडं भरून मेलबर्नच्या म्युझियममधे, सांगाडा न्यूझीलंडमधे वेलिंग्टनला, आणि काळीज कॅनबेराला, ६.२ किलोचं, साधारण घोड्याच्या काळजापेक्षा बरंच मोठं. एका घोड्याचे तीन वाटे. १९७८ मधे त्याच्यावर पोस्टाचं तिकीट पण निघालं. आपल्याकडे एवढं फक्त संतांच्या पादुकांचं होतं.

पण मग आपण घोड्याला-बैलाला नाव देत नाही का? देतो की! अकलूजला दिवाळीच्या सुमाराला घोडेबाजार भरतो, तिथे जाऊन बघा, घोडेवाला आधी घोड्याचं नाव सांगतो, मग त्याच्या आईबापाचं, आणि मग किंमत, ती पण रुमालाखाली बोटं धरून. आणि बैलगाडा शर्यतीचं तर विचारूच नका. बकासुर हे नाव माहीत नाही असा पोरगा आमच्याकडे शोधून सापडणार नाही, रिक्षाच्या मागे बकासुर, स्टेटसला बकासुर, वाढदिवसाच्या बॅनरवर बकासुर, मालक कोण विचारलं तर दहातले चार सांगतील. २०२१ च्या डिसेंबरमधे सुप्रीम कोर्टाने शर्यतींना वाट मोकळी केली तेव्हा आमच्याकडे फटाके फुटले होते. म्हणजे लोकांना नाव बैलाचंच आठवतं, सरकारला आणि राजाला आठवत नाही एवढंच.

ह्यात एक उलटी गंमत पण आहे. बडोद्याचे गायकवाड, प्रतापसिंहराव, त्यांनी इंग्लंडमधे एक शिंगरू २८,००० गिनीला घेतलं, तेव्हा एक वर्षाच्या शिंगराला दिलेली जगातली सगळ्यात मोठी किंमत होती ती, आणि त्याचं नाव ठेवलं सयाजीराव. आपल्या आजोबांचं नाव घोड्याला! हा सयाजीराव १९४७ मधे आयरिश डर्बी जिंकला आणि सप्टेंबरमधे इंग्लंडची सेंट लेजर. म्हणजे इकडे आपल्याला स्वातंत्र्य मिळून महिना झालेला आणि तिकडे डॉनकास्टरच्या मैदानावर इंग्रज माणसं गळा फाडून सयाजीराव सयाजीराव ओरडतायत, उच्चार कसा करत असतील देव जाणे. पुढच्या वर्षी त्यांचाच माय बाबू नावाचा घोडा इंग्लंडची टू थाउजंड गिनीज ही रेस जिंकला. आणि १९४३ मधे मुंबईत महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली ती जिंकलेली प्रिन्सेस ब्यूटिफुल पण बडोद्याचीच. ह्यातल्या एकावर तरी नाणं निघायला हवं होतं, माझ्या मते सयाजीरावावर, कारण त्या नाण्यावर घोड्याचं नाव आणि राजाचं नाव एकच झालं असतं आणि माझा सगळा वादच मिटला असता.

आता पैशाचं बोलू, कारण मला मेसेज येतात ते त्याचेच येतात. भाच्याने मागे मला तिकडचं कुकाबुरा पक्ष्याचं एक औंसाचं चांदीचं नाणं आणून दिलं होतं. ते घेऊन मी सराफ कट्ट्यावर एका ओळखीच्या सराफांकडे गेलो, विकायला नाही, त्यांचं मत बघायला. त्यांनी डबीसकट हातात घेतलं, डोळे बारीक करून वाचलं, ९९९ टंच, ३१.१ ग्रॅम, आणि म्हणाले, "चांदी एक नंबर आहे. पण मालक, पाखराचे पैसे मी देत नसतो, वजनाचे देतो." संपला विषय. स्मारक नाणं घेताना तुम्ही चांदीच्या वर बरेच पैसे देता, ते डिझाइनचे, डबीचे आणि हौसेचे. विकताना ते परत मिळतील तर फक्त दुसऱ्या हौशी माणसाकडून, आणि सोलापुरात विंक्सचा हौशी माणूस बहुतेक मी एकटाच. शिवाय बाहेरून मागवलं तर कस्टम ड्यूटी. आपल्याकडची स्मारक नाणी पण तशीच, १९६४ मधे नेहरूंच्या नाण्यापासून सुरू झाली, टांकसाळ सेट विकते, आवड असेल तर घ्या, श्रीमंत व्हायला घेऊ नका. आणि ते वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं लाखात विकलं जातं वगैरे व्हिडिओ येतात त्यावर तर अजिबात जाऊ नका, रिझर्व्ह बँकेने २०२१ मधे स्वतः सांगितलंय की आमचं नाव वापरून जुन्या नाण्यांच्या नावावर लोकांकडून चार्ज, कमिशन उकळणारे फिरतायत. आमच्या गल्लीतल्या एकाने तरीपण "रजिस्ट्रेशन फी" भरली. असो.

भाच्याला मी हो कळवलं. डबीतलं असलं तरी. पण पोस्टाने नको म्हटलं, येशील तेव्हा आण.

आणि ज्यांना एवढे पैसे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी, घोड्याचं माझं सगळ्यात आवडतं नाणं बाजारात अगदी स्वस्तात मिळतं. १९५० मधे प्रजासत्ताकाची पहिली नाणी आली त्यातला एक पैसा. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे, म्हणजे सगळ्यात छोटं नाणं हे. त्याच्या आधीचा १९४३ ते ४७ चा भोकाचा पैसा आठवतो का, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यावर भोकाच्या वर इंग्रजांचा मुकुट होता. तो गेला आणि त्याच्या जागी पैशावर घोडा आला, अशोकाच्या सारनाथच्या स्तंभावरचा, पळणारा, पाठीवर कुणी नाही. मागच्या बाजूला राजा नाही राणी नाही, सिंह. माझ्याकडचा इतका झिजलाय की घोड्याचं तोंड जवळजवळ गेलंय, म्हणजे हजारो हातांतून गेलेला आहे.

तो पण मिळाला नाही तर तुमच्या खिशातलं नाणं काढा, जरा मोठं, करकरीत घ्या, आणि भिंगाने सिंहांच्या खालची पट्टी बघा. मधे चक्र, डावीकडे घोडा पळतोय. नाव नाहीच, पण मालकाचं पण नाही. आणि उजवीकडे बैल आहे, त्यामुळे बकासुरवाल्यांनी कमेंटमधे भांडायला येऊ नये.